लोवेलचा बेलभंडार

बशीतला चहा आज हलला नाही.

श्रीनिवासनं तोंडाशी नेलेली बशी परत टेबलावर ठेवली आणि तो चहाकडे पाहत राहिला. कापसाचा हंगाम सुरू झाल्यापासून या कचेरीत स्थिर चहा त्यानं पाहिलाच नव्हता. सकाळचा भोंगा झाला की भिंतीपलीकडची कापसातून सरकी काढणारी सगळी जिनं एकदम चालू व्हायची, जमीन गुरगुरायची, ती गुरगुर टेबलाच्या पायांतून वर चढायची आणि बशीतल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठायची. याची त्याला इतकी सवय झाली होती की रविवारी घरचा चहा मेल्यासारखा वाटे. आज भोंगा तर झाला होता, नेहमीसारखाच, पार नाचणगावापर्यंत ऐकू जाणारा. पण चहा मेलेला होता. त्यात खिडकीची चौकट दिसत होती आणि चौकटीत स्वतःचं नाक. कारखाना बंद पडल्याची बातमी माणसाला चहाकडून कळावी, हे त्याला क्षणभर फार गमतीचं वाटलं. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून त्यानं मान वर केली, तर दारात हिरालाल जमादार उभा.

"बाबू, रेजा बाया बाहेर बसल्या हायेत. एकही बाई जिनावर नाई. आत नाई येत म्हनते."

"काऊन?"

"तुमालेच विचारा म्हनते."

हे 'तुमालेच' का, ते श्रीनिवासला लगेच कळलं. कारण कालच, प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी, कारखान्याच्या पटांगणात त्याचं नाटक झालं होतं, आणि नाटक संपल्यावर आरशासमोर उभा राहून त्यानं मनाशी म्हटलं होतं की याचा समाजावर परिणाम झाल्याशिवाय राहणार नाही. लेखक असं म्हणतो तेव्हा त्याला परिणाम हवा असतो तो लांबून. पुढच्या पिढीवर, किंवा वर्ध्याच्या वाचनालयाच्या चिटणिसावर. दुसऱ्या दिवशी सकाळी परिणाम येऊन फाटकाशी मांडी घालून बसेल, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नाटक अमेरिकेवर होतं. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात त्याला लोवेल नावाचं गाव सापडलं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या पोरी डोक्याला टोप बांधून तिथं कामाला आल्या. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर निजायचं. मग मजुरी कापली तेव्हा त्या पोरी काम टाकून बाहेर पडल्या, रस्त्यातून गाणी म्हणत गेल्या, आणि त्यांतली एक पाण्याच्या पंपावर चढून बोलली. बाईमाणसानं असं चारचौघांत बोलणं त्या गावानं तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. त्या पोरींना असाही दाट संशय होता की मालक घड्याळ मागं सारतात आणि दिवस लांबवतात. हे वाचून श्रीनिवासच्या अंगावर काटा आला होता. त्या संध्याकाळी ट्रकमध्ये, वर्ध्याहून पुलगावला येताना, पुस्तक छातीशी धरून तो त्या घड्याळाबद्दल इतका संतापला होता की शेजारच्या माणसानं त्याला सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला, हजेरी मांडली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कामाला लागला. भिंतीवरचं घड्याळ काचेच्या पेटीत होतं. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजर पुंडलिकरावांच्या खादीच्या बंडीत. सकाळी ते घड्याळ बरोबर चाले. दुपारी पुंडलिकराव जेवून येत, पेटी उघडून काच पुसत, आणि त्यानंतर घड्याळालाही जेवण झाल्यासारखी सुस्ती येई. संध्याकाळची पॅसेंजर पूर्वी भोंगा झाल्यावर जाई. अलीकडे ती आधी जात असे. गाडी सुधारली असेल, असं कचेरीत सगळे म्हणत. श्रीनिवासच्या मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं. दोन घड्याळांत दोन वेळा पाहून डोकं दुखतं म्हणून तो ते आल्या आल्या ड्रॉवरमध्ये ठेवी. त्याला खरंच वाटे की डोकं दुखतं.

"विषय छान आहे," नाटकाची वही परत देताना पुंडलिकराव म्हणाले होते. ते बोलताना टकळी फिरवत. बेचाळीसमध्ये ते तुरुंगात होते आणि सूत आजही स्वतःचं काढत. "लांबचा विषय असला म्हणजे कोणाला लागत नाही. आणि काय हो लबाड ते अमेरिकन मालक! घड्याळ मागं सारतात म्हणजे काय!" ते मनापासून चिडले होते. टकळीचा धागा तुटला, इतके. श्रीनिवासनंही मान हलवली होती. दोघे मिळून अमेरिकेचा निषेध करत त्या पेटीखाली उभे होते, आणि पेटीतून टकटक चालली होती.

पंपावर चढून बोलणाऱ्या एलिझाचं काम वजनकाट्यावरच्या रूपरावानं केलं. त्यानं मिशी काढायला साफ नकार दिला. "श्रीनिवासराव, घरी बाप जिता हाये माहा. मिशी काढली त तो सुतक धरीन." म्हणून एलिझा सबंध नाटकभर तोंडाला पदर लावून होती. टोप सरकीच्या टोपल्यांचे केले होते. पंप म्हणून आग विझवायच्या बादल्यांची घडवंची. आणि शपथ. घोळ शपथेचा होता. पुस्तकात त्या पोरी कागदावर सह्या करतात. पण रंगमंचावर सही केलेली मागच्या माणसाला दिसत नाही, आणि सही करणारी बाई म्हणजे काय हे समोरच्या बायांना कळलं नसतं. तेव्हा त्यानं लोवेलच्या पोरींना बेलभंडार उचलायला लावला होता. ताटात हळद, हळदीवर बेल, आणि एलिझा म्हणते, 'घड्याळ खरं होईस्तोवर मशीनला हात लावणार नाही.' मॅसॅच्युसेट्समध्ये बेल कुठून, असं पोस्टमास्तरांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं की कलेत चालतं.

आणि कलेत चाललंही. फक्त टाळ्यांनी रूपरावाचं भान गेलं. शपथ घेऊन झाल्यावर त्यानं आत जायचं होतं. तो ताट घेऊन सरळ खाली उतरला आणि बायांच्या बाजूला शिरला. ताट समोर आलं की माणूस काय करतो? कीर्तन संपल्यावर आरती फिरते तेव्हा करतो तेच. बाया एकीमागून एक पुढं झाल्या, बेलाला हात लावला, बोटं कपाळाला लावली. पिवळी कपाळं घेऊन त्या परत बसल्या. विंगेतून ते पाहताना श्रीनिवासचे डोळे भरून आले होते. प्रेक्षक आणि नट एक झाले, असं काहीतरी तो पुटपुटला होता.

आता तो पुंडलिकरावांच्या टेबलापुढं उभा होता आणि टकळी फिरत होती.

"मला तुमच्यावर राग नाही," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा राग नसणं फार जड असे. "नाटक उत्तमच झालं. पण त्या म्हणतात, आम्ही शपथ उचलली. संप नाही, मागणी नाही. मागणी असती तर बोलता आलं असतं. शपथेशी काय बोलणार? कापसाच्या गंज्या पडून आहेत अंगणात. दुपारपर्यंत या बाया आत आल्या नाहीत तर मला जाम गावाकडून ट्रकनं दुसऱ्या आणाव्या लागतील. मग या नाचणगावच्यांना हंगामभर काम नाही. मला वाईट वाटेल. तुम्हालाही वाटेल. तुमचंही इथं काय होईल, सांगता येत नाही. सोडवा त्यांची शपथ."

श्रीनिवास म्हणाला, "घड्याळ..."

"घड्याळाचं काय?"

टकळी थांबली. पलीकडच्या खोलीत पेटीत टकटक चालली होती. किती सोपं वाक्य होतं. एलिझा तर मिशीसकट म्हणाली होती. त्याच्या जिभेच्या मुळाशी ते वाक्य येऊन बसलं, गरम बटाट्यासारखं, आणि तो ते तोंडात फिरवत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. आणि अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. लहानपणापासून भीती वाटली की त्याला विनोद सुचे. मुंजीत, बोर्डाच्या परीक्षेत, आईच्या आजारपणात. "पारोशा हातानं तोडलेल्या बेलाची शपथ लागत नाही म्हणतात," तो म्हणाला. "निदान आमची आत्या तरी म्हणते."

पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू हा मुलगा पहिल्यांदाच कामाचं बोलला.

"बेल कोणी तोडला होता?"

"मी."

"अंघोळ केली होती?"

इथं खरं म्हणजे त्याच्या लाजेचा दुसरा थर होता, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. श्रीनिवास देव मानत नसे. कॉलेजात त्यानं सोमवारी मटण खाऊन तसं जाहीर केलं होतं. पण काल पहाटेनंतर, धुकं असताना, तो बेल आणायला नदीकाठच्या महादेवाकडे गेला आणि झाडाखाली उभं राहिल्यावर हात वर होईना. नाटकातलीच पानं ती. लिंबाची घेतली असती तरी चाललं असतं. तरीही तो घाटावर परत गेला, चपला लांब काढल्या, जानेवारीच्या त्या पाण्यात तीन बुड्या मारल्या आणि दात वाजवत, ओल्या अंगानं, पुटपुटत पानं तोडली. काय पुटपुटला ते त्यानं स्वतःलाही ऐकू दिलं नव्हतं. या गोष्टीची त्याला कालपासून इतकी शरम वाटत होती की घरी त्यानं आईला सांगितलं, पाय घसरून पडलो.

"नव्हती केली," तो म्हणाला.

"मग झालं तर," पुंडलिकराव म्हणाले, आणि टकळी पुन्हा फिरू लागली.

फाटकाबाहेर बाया उन्हाला बसल्या होत्या. भांडायला बसलेल्या बायांसारख्या त्या मुळीच दिसत नव्हत्या. लग्नात वरात उशिरा येणार म्हणून बसलेल्या दिसत होत्या. कुणी पोराला पाजत होती, कुणी दुसरीच्या केसांतली कालची रुई वेचत होती. कपाळांवरची हळद पुसट झाली होती. त्याला पाहून तानाबाई पुढं झाली. ती सगळ्यांत जुनी. पहिल्या जिनावर बसायची.

"बाबू, आमी काई संपावर नाई बसलो, हे सायबाले नीट सांगजा. पोट कोनाले नाई? पन काल बेल उचलला ना. मंग आत कशा जावाव?"

"खरंय, बाई."

"नाटक लय झ्याक केलं तुमी. मी लय रडली. त्या मिशीवालीनं त लयच रडवलं." तिनं आवाज खाली आणला. "आता मले एक सांगा. मालक कवा येते?"

"कोण मालक?"

"नाटकात येते ना शेवटी. डोक्याले हात लावते, घड्याळ खरं करते, अन् मंग सारे झेंड्याचं गानं म्हनते. आमी त्याचीच वाट पाऊन राह्यलो."

तो शेवट श्रीनिवासचा स्वतःचा होता. पुस्तकात तसलं काही नव्हतं. पुस्तकात त्या पोरी थोड्याच दिवसांत गुमान परत आत गेल्या होत्या, आणि पुढारी पोरींना काढून टाकलं होतं. पुढं कैक वर्षांनी हजारोंच्या सह्यांचा अर्ज कायदेमंडळात गेला तेव्हा समिती बसली आणि समितीनं सांगितलं, तुमचं म्हणणं खरं असेल, पण हे आमचं काम नव्हे. पण सव्वीस जानेवारीला पराभव बरा दिसत नाही, म्हणून त्यानं तिसऱ्या प्रवेशात मालकाचं मन पालटवलं होतं. पाच मिनिटांत. एका उसाशावर. त्यानं आणखीही काढून टाकलं होतं. त्या पोरी सूत काढायच्या तो कापूस दक्षिणेत गुलामांनी वेचलेला असायचा. तेवढं घातलं तर नाटक लांबतं आणि चहाला उशीर होतो, म्हणून तेही वहीत खोडलं. आता तो उसासा या बाया उन्हात बसून मागत होत्या.

"तिकडच्या बायाची शपथ खरोखर सुटली ना?" तानाबाईनं विचारलं. "का तेबी नाटकच?"

"सुटली," तो म्हणाला. दिवसातलं दुसरं खोटं पहिल्यापेक्षा हलकं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. "मला सगळ्यांना काही सांगायचंय."

"मंग वर चढून सांगा, बाप्पा. मांगच्यायले ऐकू नाई येत."

फाटकाशी बैलांना पाणी पाजायचा हौद होता. बायांनी सरकून त्याला वाट करून दिली. एकीनं त्याचं धोतर ओलं होऊ नये म्हणून काठावरचं पाणी पदरानं पुसलं. श्रीनिवास हौदाच्या काठावर चढला. आणि तिथं, खालून पाहणारे ते सगळे चेहरे दिसल्यावर, त्याला कळलं की तो पंपावर उभा आहे. पुस्तकातल्या त्या मुलीच्या जागी. तीच उंची, तेच पाणी, बायकाही त्याच. ती वर चढली तेव्हा तिच्या गळ्यात काय झालं असेल, हे नाटक लिहिताना त्यानं कितीदा मनात आणून पाहिलं होतं. गळा सुकतो, एवढंच होतं. बाकी काही होत नाही. आता नुसतं म्हणायचं, बायांनो, तुमचं खरं आहे, पॅसेंजर वेळेवरच जाते. सात-आठ शब्द. फाटकाच्या गजांमधून त्याला कचेरीची खिडकी दिसत होती, खिडकीत पांढरी टोपी, आणि टोपीखाली हात वरखाली होत होता. सूत निघत होतं.

"काल ताटात जो बेल होता," तो म्हणाला, "तो मी तोडला होता. मी अंघोळ केली नव्हती. पारोसा होतो. त्यामुळं ती शपथ लागत नाही."

पाजणाऱ्या बाईनं पोर एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं. मग मागून एकजण फिसकन हसली आणि मग सगळ्याच.

"काय बाई! बामनाचं पोरगं अन् पारोसं!"

"अवो, झेंड्याच्या दिवशी तरी आंग धुवा लागते!"

"थंडी वाजे का काय, लेकराले!"

"मी म्हनलं हळदीले वास कायचा येते!"

तानाबाई तेवढी हसली नाही. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "खरं सांगता, बाबू?"

"खरं."

"शपथ?"

"अवो मावशी," एकजण ओरडली, "शपथ घ्यावी त बेल कोन तोडून आनीन? हा?"

त्यावर जो हशा झाला त्यात तानाबाईही गेली. त्याच हशात बाया उठल्या, लुगडी झटकली आणि फाटकातून आत गेल्या, अजून हसत, एकमेकींना कोपरानं ढोसत. श्रीनिवास हौदावर उभाच होता. त्याला वाटलं की सगळं किती छान मिटलं.

भागीरथा मागं राहिली होती. कोपऱ्यातल्या जिनावरची. फारशी बोलत नसे. नवरा गेलेली. पदरात बांधलेली भाकर तिनं सोडून पुन्हा बांधली.

"काल सकाळी घाटावर धुनं धूत होती मी," ती म्हणाली.

श्रीनिवास खाली उतरला.

"धुकं होतं. कोनी तरी बुड्या मारे. चपला दूर काढल्या होत्या त्यानं. दात असे वाजत होते का मले हसू आलं. मंग देवळाकडे गेला, वल्ल्या डोक्यानं."

"भागीरथा, कुणाला सांगू नकोस."

"सांगून काय करू? सांगतलं त शपथ लागते. शपथ लागली त आत नाई जाता येत. अन् घरी लेकरं वाट पायते." ती चालू लागली आणि थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात हरवलेली वस्तू कुणाची, हे सांगावं तसं ती सांगत होती. "पन लागली ते लागलीच, बाबू. आमी तुमच्या सबदावर आत जाऊन राह्यलो. आमच्यावरची उतरली. आता ते तुमच्यावर."

ती गेली. थोड्या वेळानं जमीन गुरगुरायला लागली.

कचेरीत बशी तशीच होती. गार चहावर साय धरली होती आणि साय थरथरत होती, म्हाताऱ्याच्या गळ्यासारखी. त्यानं लेखणी उचलली आणि खाली ठेवली. मी देव मानत नाही, हे त्यानं स्वतःला नीट, पूर्ण वाक्यात सांगितलं. मग लेखणी उचलली. पुंडलिकराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता, आणि तो उबदार आहे हे श्रीनिवासला आवडलं. तेवढ्याबद्दल तो पुढं पुष्कळ दिवस स्वतःला माफ करू शकला नाही.

"शाब्बास. तुमच्यात लोकांशी बोलायची हातोटी आहे. पुढच्या वर्षी वहीत खोडलेल्या त्या गुलामांवर लिहा की. अमेरिकेतल्याच. लांबचा विषय."

दुपारी ते जेवून आले आणि त्यांनी पेटी उघडून काच पुसली. श्रीनिवास हजेरीत मान घालून बसला होता. नाव, बरोबरची खूण. नाव, बरोबरची खूण. संध्याकाळची पॅसेंजर आली, थांबली, शिट्टी देऊन नागपूरकडे गेली. जिनं चालूच होती. हिरालाल जमादार दारात आला. भोंगा त्याच्या सांगण्यावरून होत असे, पण त्याला घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणून तो रोज श्रीनिवासला विचारी. हे रोजचंच होतं, पाणी प्यावं तसं.

"झालं का, बाबू?"

श्रीनिवासनं पेटीकडे पाहिलं. मग हात ड्रॉवरवर गेला. लाकडातून आतली टिकटिक बोटांना लागत होती, बारीक, घाईची, वडिलांच्या चालण्यासारखी. ड्रॉवर उघडायचीही गरज नव्हती. वेळ त्याला ठाऊक होती, सगळ्या गावाला ठाऊक होती, नुकतीच शिट्टी देऊन गेली होती. हिरालाल वाट पाहत होता. टेबलाच्या कडेला शाईची दौत थरथरत होती.

"अजून नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोनदा अंघोळ केली. एकदा घरी, आणि मग, आईनं काही विचारायच्या आत, नदीवर. घाटावर कुणी नव्हतं. डोकं पुसायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच, केसांतून मानेवर पाणी उतरत असताना, कारखान्याच्या वाटेला लागला, आणि फाटकाशी नाचणगावच्या बायांचा घोळका गाठ पडला.

"बाबू!" तानाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "आज तरी आंग धुतलं का?"

"धुतलं," श्रीनिवास म्हणाला.

बाया पोट धरून हसल्या. एकीला तर खाली बसावं लागलं. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, शर्टाची कॉलर भिजली होती, दात वाजत होते, आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. फक्त भागीरथा हसली नाही. तिनं त्याच्या ओल्या डोक्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, आणि पदर सावरून आत गेली.

भोंगा झाला. सकाळचा होता, म्हणून बरोबर वेळेवर.